तेंदूपत्ता हिशेबाचे मुक्त सॉफ्टवेअर थांबवून दुसरीकडे सोपवणे : प्रस्ताव आणि चर्चा

टेंभुर्णी (धागाकर्ता)

नमस्कार. गडचिरोली जिल्ह्यातील काही ग्रामसभा तेंदूपत्ता (विडीसाठी लागणारी पाने) संकलनाच्या हिशेबासाठी जे मुक्त सॉफ्टवेअर वापरतात, ते सांभाळणाऱ्या आम्हा दोघांपैकी मी एक आहे. यंदाचा हंगाम संपून फळ्या (पाने मोजून घेण्याच्या जागा) उठल्या आहेत, बोद (पानांची भरलेली पोती) गोदामात गेले आहेत आणि मजुरीचे वाटपही बहुतेक गावांत पूर्ण झाले आहे. त्यामुळे ऐन हंगामात जाहीर करायचा टाळलेला निर्णय आता मांडतो. या सॉफ्टवेअरचा विकास आम्ही थांबवत आहोत, पुढच्या हंगामाआधी सर्व्हर बंद करणार आहोत आणि गोंदिया जिल्ह्यातील जो गट ग्रामसभांसाठी बांबू व मोहफुलांच्या हिशेबाचे मुक्त सॉफ्टवेअर सांभाळतो, त्याच्याकडे तेंदूपत्त्याचा भाग सोपवण्याचा आमचा प्रस्ताव आहे.

जे नव्याने वाचत आहेत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. महाराष्ट्रात १९६९च्या वनोपज व्यापार नियमन कायद्यानंतर तेंदूपत्त्याचा व्यवहार शासनाच्या हाती होता. २०१४मध्ये राज्याचे पेसा (अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींविषयीचा कायदा) नियम आले, अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना गौण वनोपज स्वतः विकण्याचा मार्ग खुला झाला आणि आपल्याकडील अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. लिलावाबरोबर हिशेबही त्यांच्या अंगावर आला. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, मजुरी शेकडा पुड्यांच्या दराने, आणि व्यापाऱ्याकडून रक्कम आल्यावर त्याच पुड्यांच्या प्रमाणात बोनस. संध्याकाळी कुटुंबे पुडे घेऊन फळीवर येतात, मुन्शी ते मोजून घेतो, कार्डावर लिहितो आणि तोच आकडा मोबाइलमध्ये टाकतो. नेटवर्क नसले तरी नोंद फोनमध्ये होते आणि आठवडी बाजाराच्या गावी नेटवर्क मिळाले की सर्व्हरवर जाते. सॉफ्टवेअरचे काम एवढेच आहे, परंतु त्यावर लोकांच्या वर्षातील सर्वांत मोठ्या रोख मिळकतीचा हिशेब उभा आहे.

थांबवण्याचे कारण लपवण्यासारखे नाही. प्ले स्टोअरवरील अनुप्रयोग दरवर्षी अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीशी जुळवून घ्यावा लागतो. ते वेळेत न केल्यास नवा फोन घेतलेल्या मुन्शीला तो अनुप्रयोग स्टोअरमध्ये दिसत नाही. माझ्या सहकाऱ्यावर आता घरच्या धानशेतीची संपूर्ण जबाबदारी आली आहे आणि एकट्याने हे काम हंगामाच्या गतीने करणे मला शक्य नाही. जमेल तेव्हा सांभाळलेल्या सॉफ्टवेअरवर लोकांची मजुरी अवलंबून असावी, हे मला मान्य नाही.

हे कसे करावे याचा विचार करताना मोठ्या सेवांनी स्वतःला कसे आवरते घेतले तेही पाहिले. प्रकल्पांचा कोड ठेवण्याची सेवा असलेल्या गूगल कोडने मार्च २०१५मध्ये बंद होणार असल्याचे जाहीर केले, ऑगस्टमध्ये ती सेवा केवळ वाचनापुरती ठेवली, जानेवारी २०१६मध्ये बंद केली आणि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत संग्रह उतरवून घेण्याची सोय ठेवली. मायक्रोसॉफ्टच्या कोडप्लेक्स या तशाच सेवेने २०१७मध्ये मार्चला घोषणा, ऑक्टोबरमध्ये केवळ वाचन आणि डिसेंबरमध्ये समाप्ती असा क्रम ठेवला. जाहीर करणे, नव्या नोंदी थांबवणे आणि सेवा उतरवणे या तीन वेगवेगळ्या तारखा असाव्यात, हे त्यातून स्पष्ट होते. आपल्याकडे त्यांना चौथी अट जोडावी लागेल : यांपैकी एकही तारीख फेब्रुवारीतील झुडपांच्या छाटणीपासून मजुरीचे वाटप संपेपर्यंतच्या काळात येता कामा नये.

कोड हलवणे हे या सगळ्यातील सर्वांत सोपे काम आहे. मला काळजी आहे ती फोनमध्ये असलेल्या नोंदींची, अनुप्रयोगाच्या स्वाक्षरीच्या किल्लीची (अनुप्रयोग आमचाच असल्याची खात्री फोनला पटवणाऱ्या गुप्त फायलीची) आणि सर्व्हरवर असलेल्या लोकांच्या बँक खात्यांची. या तिन्हींबाबत सूचना हव्या आहेत.

फळीवरचा मुन्शी

टेंभुर्णी भाऊ, निर्णय वाचून वाईट वाटले, परंतु वेळेवर सांगितलेत हे बरे केले. मी फळीवर नोंदी करतो, त्यामुळे माझा प्रश्न साधा आहे. मागच्या हंगामांच्या नोंदी माझ्या फोनमध्ये आहेत. नवे अ‍ॅप टाकले तर त्या तिकडे आपोआप दिसतील का, आणि जुने अ‍ॅप काढून टाकले तर त्यांचे काय होईल?

हे विचारण्यामागे कारण आहे. मजुरी हंगामात मिळते, परंतु बोनस बराच उशिरा येतो आणि तोपर्यंत कार्डे नीट राहतातच असे नाही. मागच्या वेळी बोनस वाटताना आमच्या गावातील एका आत्याबाईचे कार्ड घराच्या गळक्या कौलाखाली भिजून त्यावरची शाई पूर्ण पसरली होती. वाटपाला बसलेल्यांपैकी कोणालाही तिचे आकडे आठवत नव्हते. फोनमधील नोंद उघडून रोजचे पुडे एकेक करून वाचून दाखवले, तेव्हा तिचा हिशेब मान्य झाला. आमच्याकडे फोन मुन्शीचा एकट्याचा नसतो, घरातील मुलेही तो हाताळतात आणि जागा भरली की अनोळखी अ‍ॅप आधी काढून टाकतात. तेव्हा ‘जुने अ‍ॅप बंद झाले’ एवढाच निरोप गावात पोहोचला, तर पहिल्याच आठवड्यात कित्येक फोनमधील नोंदी जातील.

शाखा_विलीन

मी नागपूरजवळच्या गावातून काम करतो आणि या प्रकल्पात अधूनमधून दुरुस्त्या पाठवल्या आहेत. मुन्शींच्या प्रश्नाचे उत्तर धागाकर्ते अधिक नेमके देतील. मी कोडपुरते लिहितो, कारण तो भाग सोपा असला तरी त्यात राहून जाणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत.

गिटमध्ये (कोडमधील बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात) मिरर क्लोन, म्हणजे भांडाराची पूर्ण प्रत, करून नव्या ठिकाणी मिरर पुश केले की सर्व शाखा, टॅग आणि संपूर्ण इतिहास जसाच्या तसा जातो. परंतु नोंदवलेल्या अडचणी, त्यांखालील चर्चा, विलीनीकरणाच्या विनंत्या आणि प्रकाशित आवृत्त्यांसोबत ठेवलेल्या एपीके (फोनवर अनुप्रयोग बसवण्याच्या) फायली गिटच्या भांडारात नसतात. त्या यजमान संकेतस्थळाच्या स्वतःच्या साठ्यात असतात. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील विकी (माहितीची पाने) हे वेगळे गिट भांडार असते, त्यामुळे ते स्वतंत्रपणे क्लोन करावे लागते. कोडबर्ग या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर न्यायचे असेल तर काम हलके होईल, कारण ते ज्या फोर्जेओ सॉफ्टवेअरवर चालते त्यात गिटहबवरून अडचणी, खुणा, विनंत्या आणि प्रकाशित आवृत्त्या आणण्याची सोय आहे आणि त्यात मूळ लिहिणाऱ्याचे नाव दिसत राहते. कोडबर्ग ही बर्लिनमधील ना-नफा संस्था आहे आणि तिथे मुक्त परवान्याच्या प्रकल्पांनाच जागा मिळते, म्हणून मला ती निवड योग्य वाटते.

अडचणींच्या चर्चा जपण्याचा माझा आग्रह आहे. पाऊस येऊन पुडे बाद झाले तर त्यांची नोंद वजा करायची की वेगळ्या रकान्यात ठेवायची, यावर त्यात जे बोलणे झाले आहे ते कोडमध्ये कुठेही लिहिलेले नाही. कोड पाहून फक्त रकाना दिसतो. तो का ठेवला, ते त्या चर्चेत आहे.

जुने भांडार संग्रहित करण्यापूर्वी त्याच्या परिचय पानावर नव्या ठिकाणाचा पत्ता मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत लिहावा. संग्रहित केले की ते केवळ वाचनापुरते राहते आणि मग एक ओळ बदलायची तरी संग्रहण काढावे लागते. भांडार पुसून टाकू नये. त्याशिवाय सॉफ्टवेअर हेरिटेजकडे ते जतन करण्याची विनंती पाठवावी. फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेने २०१६मध्ये सुरू केलेला तो सार्वजनिक कोडसंग्रह आहे आणि आपल्यासारखे छोटे प्रकल्पही तिथे जतन होतात.

आणखी एक गोष्ट हलवण्याच्या आधीच तपासायला हवी. चाचणीसाठी ठेवलेल्या नमुना फायलींत कधी काळी खरी नावे किंवा खरे खाते क्रमांक गेले असतील, तर ते आज पुसलेले दिसले तरी इतिहासात शिल्लक असतात. संपूर्ण इतिहास चाळून पाहावा आणि काही आढळले तर गिट फिल्टर-रेपो वापरून ते समूळ काढावे. तसे केल्यावर त्यापुढील सर्व कमिटांचे (नोंदवलेल्या बदलांचे) क्रमांक बदलतात, म्हणून ज्यांच्याकडे प्रती आहेत त्यांना आधी कळवावे लागेल. नव्या ठिकाणी गेल्यावर हे करणे दुप्पट त्रासाचे होईल.

टेंभुर्णी (धागाकर्ता)

मुन्शी भाऊ, तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि म्हणूनच तो सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

अँड्रॉइडमध्ये एका अनुप्रयोगाच्या नोंदी दुसऱ्याला वाचता येत नाहीत. आपल्या नोंदी फोनमध्ये एसक्यूलाइटच्या एका फायलीत असतात आणि ती फाइल अनुप्रयोगाच्या खासगी जागेत असते. अनुप्रयोग काढून टाकला की ती जागा पुसली जाते. मेमरी कार्डावर किंवा फोनच्या साठ्यात अनुप्रयोगाच्या स्वतःच्या नावाचे जे फोल्डर तयार होते, त्याचेही तसेच होते, त्यामुळे ‘कार्डावर आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ असे समजू नये. नोंदी वाचवायच्या तर त्या डाउनलोड फोल्डरसारख्या सामायिक जागेत, वापरणाऱ्याने स्वतः निवडलेल्या ठिकाणी उतरवाव्या लागतात.

यासाठी जुन्या अनुप्रयोगाची एक शेवटची आवृत्ती काढण्याचा विचार आहे. तिच्यात नवी नोंद करता येणार नाही. जुन्या नोंदी वाचता येतील, हंगामाप्रमाणे आणि कुटुंबाप्रमाणे पाहता येतील आणि दोन प्रकारे बाहेर काढता येतील : एक सीएसव्ही फाइल, जी नवा अनुप्रयोग वाचू शकेल, आणि एक पीडीएफ, जी छापून ग्रामसभेच्या दप्तरात ठेवता येईल. उघडताच पहिल्याच पडद्यावर मराठीत आणि गोंडीत मोठ्या अक्षरांत सूचना असेल की नोंदी उतरवून घेतल्याशिवाय हे अ‍ॅप काढू नका.

ही आवृत्ती जुन्यावर बसायची असेल, तर तिच्यावर जुन्याच किल्लीची स्वाक्षरी असावी लागते. दुसऱ्या किल्लीची असेल तर फोन ती स्वीकारत नाही आणि जुने आधी काढा असे सांगतो, आणि काढले की नोंदी गेल्या. म्हणून ज्या दिवशी विकास थांबेल त्या दिवशी किल्ली नष्ट करण्याचा जो सल्ला काही जण देतात, तो आपल्या बाबतीत धोक्याचा आहे. पुढील काही हंगाम तरी ती जपावी लागेल, कारण शेवटच्या आवृत्तीत चूक निघाली तर ती दुरुस्त करण्याचा दुसरा मार्ग नाही.

गावात निरोप काय जावा, हे तुम्ही सुचवलेत तर मी तेच शब्द ठेवीन.

वैनगंगेचा काठ

मला हा निर्णय घाईचा वाटतो. धान, संत्रा, कापूस यांसाठी कंपन्यांनी काढलेले अनुप्रयोग येतात आणि जातात, परंतु हे ग्रामसभांच्या गरजेतून उभे राहिले होते. आणखी एक हंगाम ओढून न्यावे आणि त्या काळात गडचिरोलीतीलच कोणी तरुण तयार करावेत, अशी माझी विनंती आहे. काम गोंदियाला गेले की इथल्या ग्रामसभांचा त्यावरील हक्क कमी होईल.

सातपुडा

मी मेळघाटात राहतो आणि उदरनिर्वाहासाठी सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो. वैनगंगेच्या काठावरील मित्रांची तळमळ मला समजते, परंतु हक्क कुठे असतो ते नीट पाहू या. सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्त परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे. ज्यांनी ज्यांनी कोड लिहिला, त्यांचे त्यांचे स्वामित्व त्यांच्याकडेच आहे आणि त्या सर्वांच्या संमतीशिवाय तो परवाना कोणालाही काढून घेता येत नाही. गोंदियाच्या गटाने उद्या काही वेगळे केले, तरी गडचिरोलीतील कोणीही तोच कोड घेऊन पुढे चालू शकतो. सप्टेंबर २०१०मध्ये ओपनऑफिसच्या विकासकांनी वेगळे होऊन लिब्रेऑफिस सुरू केले ते याच हक्काच्या बळावर, त्या वेळी नाव आणि स्वामित्व ओरॅकलकडे असताना.

खरी सावधगिरी लागते ती विश्वास सोपवताना. २०१८मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या जावास्क्रिप्टमधील खूप वापरल्या जाणाऱ्या पॅकेजच्या मूळ लेखकाने, स्वतः ते वापरत नसल्यामुळे, मदत करू इच्छिणाऱ्या एका अनोळखी व्यक्तीला ते सोपवले. त्या व्यक्तीने त्यात बिटकॉइनची पाकिटे लुटणारा कोड घातला. २०२४च्या मार्चमध्ये एक्सझेड या संकोचन साधनात चोरदरवाजा सापडला, तेव्हा असे दिसले की ते करणाऱ्याने सुमारे दोन वर्षे चांगल्या दुरुस्त्या पाठवून, थकलेल्या मूळ सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवून तो अधिकार घेतला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला लागणारा किंचित अधिक वेळ खटकला नसता, तर तो चोरदरवाजा जगभरच्या सर्व्हरांवर पोहोचला असता. ही उदाहरणे गोंदियाच्या गटावर संशय घेण्यासाठी देत नाही. सांभाळणारा थकलेला असतो तेव्हा तो घाईने सगळे देऊन टाकतो आणि घेणाऱ्यालाही त्यातून अवाजवी अधिकार मिळतो, एवढेच मला दाखवायचे आहे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की किल्ली सोपवूच नये. नव्या गटाने स्वतःचा अनुप्रयोग, स्वतःच्या ओळखीने आणि स्वतःच्या किल्लीने काढावा. जुन्या अनुप्रयोगाची किल्ली सांकेतिक रूपात दोन ठिकाणी ठेवावी आणि तिचा परवलीचा शब्द तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे एकट्याला काही करता येणार नाही आणि एकाचे काही बरेवाईट झाले तरी ती हरवणार नाही. प्ले स्टोअरवर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात अनुप्रयोग हस्तांतरित करण्याची सोय आहे, परंतु ती वापरली की सगळ्या मुन्शींच्या फोनवर काय पोहोचेल हे नवा खातेदार ठरवतो. आपल्याला त्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट डोमेनची, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरील नावाची, जिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. सर्व्हर बंद केला आणि डोमेनचे नूतनीकरण केले नाही, तर ते नाव काही काळाने कोणीही विकत घेऊ शकते. नाव ज्याच्या ताब्यात, त्याला त्या नावाचे वैध प्रमाणपत्रही लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून विनामूल्य मिळते. ज्या फोनवर शेवटची आवृत्ती पोहोचलेली नाही, तो फोन नेटवर्क मिळताच जुन्या पत्त्यावर नोंदी पाठवण्याचा प्रयत्न करील, आणि त्या नोंदी, नावे आणि खाते क्रमांकांसकट, त्या नव्या मालकाच्या हाती पडतील. तेव्हा सर्व्हर बंद झाल्यानंतरही डोमेन काही वर्षे राखून ठेवावे आणि त्यावर एकच साधे पान ठेवावे. त्याचा वार्षिक खर्च सर्व्हरच्या मानाने अगदी किरकोळ आहे. तो मी करायला तयार आहे.

कुरखेड्याहून

मी एका ग्रामसभेचे दप्तर सांभाळते. सातपुडा भाऊंनी खाते क्रमांकांचा विषय काढला म्हणून लिहिते, कारण या चर्चेत माहिती कोणाची हे अजून कोणी स्पष्ट सांगितलेले नाही.

सर्व्हरवरील नोंदी सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांच्या नाहीत आणि ज्या गटाकडे सॉफ्टवेअर जात आहे त्याच्याही नाहीत. त्या ज्या-त्या ग्रामसभेच्या आहेत. कोड सोपवताना त्याच ओघात सर्व्हरवरील साठाही सोपवला जाऊ नये. आमच्या गावातील कुटुंबांनी नाव, खाते क्रमांक आणि बँकेचा संकेतांक दिला तो आमच्या ग्रामसभेला, मजुरी थेट खात्यात यावी म्हणून. तो दुसऱ्या जिल्ह्यातील गटाकडे जायचा असेल, तर ग्रामसभेत विषय ठेवून ठराव व्हायला हवा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही ज्या कारणासाठी माहिती घेतली, त्याच कारणापुरती ती वापरावी हे तत्त्व आहे, परंतु कायदा नसता तरी माझे म्हणणे हेच राहिले असते. आमच्या बायकांना आपला खाते क्रमांक कोणाकोणाकडे आहे हे विचारायचा अधिकार आहे आणि त्याचे उत्तर मला देता आले पाहिजे.

ठरावासाठी वेळ लागतो. रोवणीच्या दिवसांत ग्रामसभेला गणसंख्या मिळत नाही. पोळ्यानंतर लोक बसू शकतील. त्यामुळे सर्व्हरवरील माहिती प्रत्येक ग्रामसभेला परत करण्याची मुदत दिवाळीच्या आधीची धरू नये, ही माझी स्पष्ट मागणी आहे. परत करताना नुसती फाइल ईमेलने पाठवून उपयोग नाही. आमच्यासारख्या कित्येक ग्रामसभांकडे संगणक नाही. छापील नोंदवही, प्रत्येक पानावर ग्रामसभेच्या अध्यक्ष व सचिवांच्या सहीला जागा, आणि सोबत पेन ड्राइव्ह, अशा स्वरूपात ती मिळावी. परत मिळाल्याची पोच आम्ही देऊ आणि त्यानंतर सर्व्हरवरील प्रत व तिच्या राखीव प्रती पुसल्याचे लेखी पत्र आम्हाला द्यावे.

मोहफूल

आम्ही गोंदियाकडील गटातर्फे लिहीत आहोत. वरील सर्व वाचून आधी हे सांगतो की आम्हाला किल्ली नको, जुने खाते नको आणि सर्व्हरवरील साठाही नको. सातपुडा भाऊ आणि कुरखेड्याच्या ताई म्हणतात तसेच व्हावे, कारण उद्या काही शंका निर्माण झाली तर ती आमच्यावरच येईल.

आम्हाला जे हवे आहे ते थोडे वेगळे आहे. आमच्याकडे मोहफुले किलोवर आणि बांबू नगावर मोजला जातो. माल येतो, मोजला जातो, पैसे दिले जातात, व्यवहार संपतो. तेंदूपत्त्यात मात्र त्याच पुड्यांवर दोनदा पैसे निघतात, एकदा मजुरीचे आणि नंतर बोनसचे, शिवाय मोजून घेतलेला पुडा सुकवताना बाद ठरू शकतो. ही रचना आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायची तर आम्हाला वरवरचा कोड पुरणार नाही. शाखा_विलीन यांनी उल्लेख केलेल्या चर्चा आणि जुन्या हंगामांतील अवघड प्रकरणांचे नमुने, नावे आणि खाते क्रमांक बदलून, मिळाले तर खूप उपयोग होईल. धागाकर्त्यांनी आमच्यासोबत काही बैठका कराव्यात, पुढील हंगामात फळीवर काही बिघडले तर फोनवर उपलब्ध राहावे, एवढी अपेक्षा आहे.

एक शंकाही मांडतो. आमचे सॉफ्टवेअर आज फक्त मराठीत आहे. तुमच्याकडे गोंडी आणि छत्तीसगढी शब्दयोजना आहे, ती गावातील लोकांनी केलेली आहे असे ऐकतो. ती आणता येईल का?

शाखा_विलीन

भाषांतराच्या फायली कोडसोबतच, त्याच परवान्याखाली आहेत, त्यामुळे त्या आणता येतील. प्रत्येक फायलीच्या वरच्या भागात भाषांतर करणाऱ्यांची नावे आहेत, ती कायम ठेवावी लागतील. कोणी तरी फायली नव्याने तयार करून त्यात फक्त शब्द चिकटवले तर नावे जातात, हे पूर्वी इतर प्रकल्पांत पाहिले आहे. गिटच्या इतिहासासकट आणल्या तर तो प्रश्न येत नाही. कोरचीकडच्या मंडळींनी छत्तीसगढी शब्द बसवताना बोदभराईच्या पडद्यावरचे शब्द फळीवर उभे राहून ठरवले होते. ते काम पुन्हा होणार नाही.

टेंभुर्णी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. आता काय ठरवले ते लिहितो, आणि ज्यांना पटत नसेल त्यांनी याच आठवड्यात आक्षेप नोंदवावा.

आधी वैनगंगेच्या काठावरील मित्रांना उत्तर देणे भाग आहे. आणखी एक हंगाम ओढून न्यावा हा विचार आम्ही केला होता. तो सोडला, कारण एखाद्या फळीवर एप्रिलच्या शेवटी नोंदी अडल्या आणि आमच्यापैकी कोणी उत्तर द्यायला नसले, तर त्या संध्याकाळी पुडे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या लोकांना आमच्या चांगल्या हेतूचा काही उपयोग नाही. गडचिरोलीतील तरुणांनी हे काम हाती घ्यावे अशी माझीही इच्छा आहे आणि गोंदियाच्या गटाने त्यांना सुरुवातीपासून सोबत घ्यावे ही माझी त्यांच्याकडे एकमेव मागणी आहे. आपल्या ओळखीत असे कोणी असतील, तर त्यांची मोहफूल यांच्याशी गाठ घालून द्या.

कोड, अडचणींच्या चर्चा, विकी आणि प्रकाशित आवृत्त्या श्रावणापर्यंत कोडबर्गवर जातील. त्याआधी शाखा_विलीन आणि मी संपूर्ण इतिहास तपासू. जुने भांडार नव्या पत्त्यासह संग्रहित होईल, पुसले जाणार नाही. परवाना तोच राहील. किल्ली कोणालाही सोपवली जाणार नाही. एक प्रत माझ्याकडे, एक माझ्या सहकाऱ्याकडे आणि परवलीचा शब्द बंद पाकिटात एका ग्रामसभेच्या दप्तरात राहील. कुठल्या, ते इथे लिहीत नाही. डोमेन सातपुडा भाऊंच्या खर्चाने राखले जाईल, मात्र ते नाव नोंदणीत माझ्याकडेच ठेवतो, म्हणजे जबाबदारी कोणाची याबद्दल गोंधळ राहणार नाही.

शेवटची आवृत्ती भाद्रपदात निघेल. सर्व्हर दिवाळीपर्यंत केवळ वाचनापुरता चालू राहील. प्रत्येक ग्रामसभेला छापील नोंदवही आणि पेन ड्राइव्ह मी आणि माझे सहकारी स्वतः नेऊन देऊ, पोच घेऊ, आणि सर्व पोचा हाती आल्यानंतरच साठा पुसू. एखाद्या ग्रामसभेचा ठराव लांबला तर तिची माहिती तेवढा काळ सर्व्हरबाहेर, कुलूपबंद प्रतीत राहील, गोंदियाकडे जाणार नाही. नव्या अनुप्रयोगाची चाचणी छाटणी सुरू होण्यापूर्वी, जानेवारीत, जुन्या हंगामाच्या नोंदी आत घेऊन व्हावी असे मोहफूल यांच्याशी बोलणे झाले आहे. चाचणीत एकाही कुटुंबाची बेरीज चुकली, तर पुढील हंगाम त्या फळीवर कागदी नोंदवहीवरच चालेल.

फळीवरचा मुन्शी

हे सगळे पटले. निरोपाचे शब्द तुम्ही मागितले होते, ते असे ठेवावेत : ‘अ‍ॅप काढू नका. आधी नोंदी उतरवा, सचिवांना दाखवा, मग काढा.’ गोंडीतील वाक्य मी गावातील शिक्षकांकडून तपासून पाठवतो. एक विचारायचे राहिले. माझ्यासारख्या काहींचे फोन फारच जुने आहेत आणि प्ले स्टोअर त्यांवर नीट चालत नाही. त्यांच्यापर्यंत शेवटची आवृत्ती कशी पोहोचणार?

टेंभुर्णी (धागाकर्ता)

त्यांच्यासाठी त्याच किल्लीने स्वाक्षरी केलेली एपीके फाइल कोडबर्गवर असेलच, आणि नोंदवही द्यायला गावात येऊ तेव्हा ती पेन ड्राइव्हवर सोबत आणू. तुमच्या गावी येताना आधी फोन करीन. शेजारच्या फळ्यांवरचे मुन्शी त्या दिवशी जुने फोन घेऊन आले तर तिथेच बसून सगळ्यांच्या नोंदी उतरवून देतो.